काहून

"थांब. परत मागे जा."

सुधाकर सरांनी हात वर केला तशी नीलिमा दारात थबकली. दार म्हणजे फरशीवर खडूने ओढलेल्या दोन रेघा. त्यांच्या पलीकडे मंडळाच्या हॉलमधला सतरंज्यांचा ढीग होता, अलीकडे दोन खुर्च्या. एका खुर्चीवर सर बसले होते. दुसरी रिकामी होती.

"तू आत आलीस, ती कशासाठी?"

"विचारायला."

"मग अशी पोस्टमनसारखी काय येतेस? रजिस्टर पत्र आणलंयस का माझं? सही करू?"

कोपऱ्यात संहिता धरून बसलेली रीना फिसकन हसली. ती प्रॉम्प्टर होती, कॉलेजात शिकणारी. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची.

"हे बघ, नीलिमा." सर गुडघ्यांवर कोपर टेकवून पुढे झुकले. शिकवताना ते असेच झुकत. "आवाज चढवला म्हणजे नाट्य होत नाही. दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात आणि खोली एकच असते, तेव्हा नाटक सुरू होतं. मी थोरला भाऊ. मला काय हवंय? तू या खुर्चीवर बसावंस. चहा घ्यावास, प्रवास कसा झाला ते सांगावंस. जुनं काही निघू नये. तू माझी धाकटी बहीण, जिला मी घरातून काढलं. तुला काय हवंय? मी उत्तर द्यावं. तू बसलीस की मी जिंकलो. मी बोललो की तू जिंकलीस. आता सांग, बसशील?"

"नाही."

"का?"

"कारण मला तुमच्याकडून काहीतरी हवंय."

"शाब्बास! काय हवंय ते मला सांगू नकोस. पोटात ठेव. तोंडावर दिसलं की संपलं नाटक."

नीलिमा खडूच्या रेघांमागे गेली. पोटात ठेवायचं तिला शिकवावं लागणार नव्हतं. ते उन्हाळ्यापासून तिथेच होतं, आणि सरांना त्याचा वासही लागलेला नव्हता.

तिचे बाबा, धर्मपाल रामटेके, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. गोंदियाकडचं गाव सोडून तरुणपणी रायपूरला आले आणि इथलेच झाले. शिफ्ट सुटली की रॉकेलने हात पुसायचे, मग साबणाने धुवायचे, आणि सायकल काढून शंकर नगरला मराठी मंडळाच्या तालमीला जायचे. नाटकाचं वेड त्यांना कुठून लागलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आधी ते पडदे ओढत. मग गर्दीत उभे राहिले. मग सुधाकर सर पुण्याहून बदली होऊन इथल्या एका सरकारी कार्यालयात आले आणि त्यांनी स्वतः लिहिलेल्या नाटकात धर्मपालला धाकट्या भावाची भूमिका दिली. थोरला भाऊ सर स्वतः. सगळ्या नाटकाचा जीव शेवटच्या प्रवेशात होता. घराबाहेर काढलेला धाकटा किती तरी वर्षांनी परत येतो, बसत नाही, चहा घेत नाही, उभ्या उभ्या एकच शब्द विचारतो, "का?" त्यावर थोरल्याचं लांबलचक भाषण.

इंदूरच्या स्पर्धेत, भरलेल्या थिएटरात, धर्मपालच्या तोंडून "का?" निघालंच नाही. गावाकडचं "काहून?" निघालं.

थिएटर हसलं. एकदा सुरू झालेलं हसू थांबेना. सरांचं भाषण त्यात वाहून गेलं, बक्षीसही गेलं. परतीच्या गाडीत सरांनी धर्मपालच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय काहूनकाका, बुडवलंत की आम्हाला!" डबाभर लोक हसले. धर्मपालही हसले. नाव तिथेच चिकटलं.

त्यानंतर त्यांना मोठी भूमिका कधी मिळाली नाही. दर वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात ते पहारेकरी नाहीतर गडी व्हायचे, आणि सर त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक "काहून" घालायचे. धर्मपाल स्टेजवर आले की मागच्या रांगांतून पोरं आधीच ओरडायची, "काहून गा काहूनकाका?" धर्मपाल हात वर करून म्हणायचे, "काहून नाई?" आणि टाळ्या घ्यायचे. नीलिमा तेव्हा शाळेत होती. ती पुढच्या रांगेत बसायची आणि तिला टाळ्या वाजवता यायच्या नाहीत. घराबाहेर तो शब्द उच्चारणं तिने तेव्हाच सोडलं. पुढे एका कॉलेजात ती ग्रंथपाल झाली, खूप वाचलं, आणि तिची मराठी अशी स्वच्छ झाली की नव्या ओळखीचे लोक विचारत, तुम्ही पुण्याच्या का?

वैशाखात धर्मपाल गेले. घरी वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. आठवड्याने मंडळाने शोकसभा ठेवली. सर बोलायला उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते आणि आवाज खरोखर कापत होता; नीलिमाला तेच सहन झालं नाही. कारण ओल्या डोळ्यांनी त्यांनी इंदूरचा किस्सा सांगितला. नक्कल करून सांगितला. मान किंचित वाकडी, हात लोंबते, आवाज थोडा नाकात. "काहून?"

शोकसभा खळखळून हसली. नीलिमाने शेजारी पाहिलं. तिची आई, अंजनाबाई, मांडीवर हात ठेवून बसली होती आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हसत होती.

त्या क्षणी नीलिमाला कळलं की तिला काय हवंय. ज्या हसण्यात बाबा उभे राहिले, त्याच हसण्यात एकदा हा माणूस उभा राहायला हवा.

आणि पावसाळा ओसरताना सरांनीच फोन केला. धर्मपालच्या स्मृतीसाठी तेच नाटक पुन्हा करायचं होतं. धाकट्या भावाच्या जागी धाकटी बहीण घातली की झालं. "त्याची भूमिका त्याच्या मुलीने करावी, असं मला फार वाटतं गं." नीलिमा कधी स्टेजवर चढली नव्हती. तिने लगेच होकार दिला.

तालमीला ती कधी चुकली नाही. सर शिकवतील ते मन लावून शिकली. समोरच्याचं ऐकायचं, ऐकल्याचं सोंग करायचं नाही. हात कुठे ठेवू असा प्रश्न पडला, तर समजायचं की आपल्याला समोरच्याकडून काही नकोय. सर उत्तम शिकवत. एकेका वाक्याखाली दुसरं वाक्य असतं, ते दाखवत. "'प्रवास कसा झाला?' असं मी विचारतो ना, तेव्हा मी खरं म्हणतोय, 'बोलू नकोस.' कळलं?" नीलिमाला कळायचं. तिला तर त्यांचं सगळंच कळत होतं.

"अरे वा," दिवाळीच्या सुमारास सर म्हणाले. "आज तू आत आलीस तेव्हा मला खरंच उठून जावंसं वाटलं. बापाच्या वर जाणार तू."

"बाबांना तुम्ही असंच शिकवलं होतं?"

"धर्मपालला? छे! त्याला शिकवणं म्हणजे…" ते हसले. "त्याला बिचाऱ्याला शब्दच जड जायचा."

तालीम सुटल्यावर रीना तिच्यासोबत फाटकापर्यंत आली. "दीदी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. आप 'का' बोलने के बाद रुका मत करो. सर की उमर हो गई है न, पूरा भाषण उसी एक शब्द पे टँगा है. वो नहीं सुना तो अटक जाते हैं."

"बरं झालं सांगितलंस," नीलिमा म्हणाली.

प्रवेशिका वाटायचं काम तिने आपणहून मागून घेतलं. शोकसभेला जे जे आले होते त्यांच्या घरी ती स्वतः गेली. शंकर नगरातले बंगले, पंडरीतली कापडाची दुकानं, निवृत्त इंजिनिअर, वकील, त्यांच्या बायका. "तुम्ही याच. बाबांना बरं वाटलं असतं." लोक तिला आत बोलवत, चकलीची ताटली पुढे करत, आणि बोलता बोलता कोणाला तरी आठवायचंच. "काय माणूस होता! काहूनकाका! अजून हसू येतं हो." नीलिमा मान डोलवायची. अजून हसू येतं, हे तिला पक्कं करून घ्यायचं होतं. त्या शब्दाची कळ दाबली की हा सगळा हॉल फुटणार, नेमका सरांचं मोठं भाषण सुरू होताना. संहितेत "का" आहे. ती "काहून" म्हणणार. बस, एवढंच.

दुपारी ग्रंथालयात कोणी नसताना ती कपाटांच्या रांगांत उभी राहून तो शब्द म्हणून बघायची. पहिल्यांदा घशाने तो घेतलाच नाही. मग हळूहळू आला. नक्कल करायला लागलीच नाही. तिचा घसा बाबांचाच होता.

प्रयोगाला दोन-चार दिवस उरले तेव्हा तिने आईला सांगितलं. अंजनाबाई ओट्यापाशी बसून चेचची पालेभाजी निवडत होती. गोल बाजारातून नाटकासाठी आणलेली राखी रंगाची सुती साडी बाजूला पडली होती. तिला फॉल लावायचा होता.

"मी 'का' म्हणणार नाही, आई. बाबांचा शब्द म्हणणार."

अंजनाबाईचे हात थांबले नाहीत. "काहून?"

"सगळे हसतील. त्यांचं भाषण बुडेल. त्यांना कळू दे कसं वाटतं ते."

"हं." आईने एक काडी मोडली. "तुले मालूम हाय का, तुया बापाले तो शब्द काहून नोता जमत?"

"सवय नव्हती."

"सवय नाई वो. आपल्याकडं 'का' म्हन्लं त 'काय' होते न. का पाहिजे, का झालं, का करून राहिली. इथं छत्तीसगडी लोकं बी तसेच म्हनते. आता भाऊ भावाले घराभायेर काहाडते, आन तो येऊन म्हनते, 'का?' म्हंजे कसं? ऐकू नाई आल्यावानी." ती हसली. "न्हानीत सराव करे तो. अंगावर पानी घेता घेता. 'का? का?' मी इकून वरडो, का पाहिजे? टावेल पाहिजे का? आन तो तिकून म्हने, अंजने, नाटकातलं हाय, तू चूप राय!"

नीलिमाही हसली. हसता हसता तिचा चेहरा आवळला, म्हणून ती उठून साडीची घडी मोडायला लागली.

"इंदूरहून आल्यावर बी करे," आई म्हणाली. "भूमिका गेली होती तरी करे. लय दिवस. मंग एक दिवस न्हानीतून आवाजच नाई आला. मले समजलं."

साडी नीलिमाच्या हातात तशीच राहिली.

"म्हणूनच," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणणार मी."

"म्हन. मी नाई म्हनून राहिली का?" अंजनाबाईने निवडलेली भाजी टोपलीत टाकली आणि पहिल्यांदा वर पाहिलं. "मी इतकंच विचारतो, पोट्टे. हासले त कोनाले हासतील? त्याले, का तुया बापाले? शब्द कोनाचा हाय?"

नीलिमाने सुई शोधली आणि फॉल लावायला बसली. पण सूड असा असतो की उत्तर नसलं म्हणून तो उठून जात नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. ज्यांना ज्यांना नीलिमा बोलवायला गेली होती ते सगळे आले होते. प्रवेशद्वारापाशी धर्मपालचा हार घातलेला फोटो होता, पहारेकऱ्याच्या वेषातला, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आपले लाडके काहूनकाका". लोक चपला काढत होते, फोटोला हात जोडत होते, आणि वाचून हलकेच हसत होते. अंजनाबाईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिने त्या फलकाकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

नीलिमाने विंगेतून ते पाहिलं. ठरलं.

पहिला अंक नीट पार पडला. शेवटचा प्रवेश आला. आता दार खडूचं नव्हतं, रंगवलेल्या चौकटीचं होतं. थोरला भाऊ खुर्चीवर बसला होता, हातात वर्तमानपत्र. ती चौकटीत उभी राहिली.

"कोण? अरे, तू! ये, ये. प्रवास कसा झाला?"

बोलू नकोस, असं त्याखाली होतं. ती आत आली.

"बस ना. अशी उभी का? चहा टाकायला सांगतो."

ती बसली नाही. तिच्या हातांना काय करावं हा प्रश्न पडला नाही. मागे कोणीतरी खोकत होतं, तेही थांबलं. सर तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते त्या एका शब्दाची वाट पाहत होते.

तिने आयुष्यभर वाचलं होतं की अशा वेळी माणसाला खूप काही आठवतं. तिला फक्त न्हाणीतला पाण्याचा आवाज ऐकू आला. मग तोही थांबला. आणि तिच्या लक्षात आलं की तिला हॉलने हसायला नकोच आहे. तिला विचारायचंय. खरंच विचारायचंय.

"काहून?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसायला सुरुवात केली, पण अर्ध्यावरच गिळलं. बाकी हॉल हलला नाही. तो आवाज पहारेकऱ्याचा नव्हता. तो धर्मपालचा होता, जसा त्यांना इंदूरला काढायचा होता तसा, आणि रायपूरच्या त्या हॉलमध्ये तो कोणीही याआधी ऐकला नव्हता.

सरांचं तोंड उघडं राहिलं.

विंगेतून रीनाची कुजबुज आली, "मी तुला घराबाहेर काढलं नाही…" भाषणाचं पहिलं वाक्य. पुन्हा आली, थोडी मोठी. सरांनी ते ऐकलं, हे नीलिमाला स्पष्ट दिसलं. पण त्यांनी ते उचललं नाही. समोरचा अडखळला की त्याला सावरायचं असतं, एखादं वाक्य पुढे करायचं असतं. बाबांनी किती जणांना असं सावरलं होतं. नीलिमा गप्प उभी राहिली. तिने त्यांना काहीही दिलं नाही.

"मी…" सर म्हणाले. हातातलं वर्तमानपत्र त्यांनी मांडीवर ठेवलं. "आधी मी हसलो."

हॉल ऐकत होता.

"लोक नंतर हसले. तू समोर उभा… तू समोर उभी होतीस. तुझ्या तोंडून ते आलं, आणि मला हसू आलं. मला आवरता आलं नाही. मी हसलो, ते सगळ्यांनी बघितलं, आणि मग सगळे हसले. नाहीतर कोणी हसलं नसतं. आज कोणी हसलं नाही, बघ."

हे वाक्य कुठल्याच संहितेत नव्हतं. हॉलला ते ठाऊक नव्हतं. त्यांना ते थोरल्या भावाचं वाटलं, धाकटीला घालवताना हसलेल्या माणसाचं. पुढच्या रांगेतली एक बाई रुमाल शोधू लागली.

सरांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "बस," एवढंच त्यांच्या ओठांवर दिसलं.

संहितेत भाषण संपलं की ती इथे बसायची. बसली की पडदा.

नीलिमाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला जे हवं होतं ते आता तिच्याजवळ होतं, आणि ते तिने मागितलं त्याहून कितीतरी मोठं होतं, आणि त्याने काहीही भरून येणार नव्हतं. ती वळली आणि चौकटीतून बाहेर निघून गेली. पडदा कधी पाडायचा ते कोणालाच कळेना, म्हणून सर कितीतरी वेळ एकटे उजेडात बसून राहिले.

मग टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या त्या मंडळाने कधी ऐकल्या नव्हत्या.

रंगपटात नीलिमा खोबरेल तेलाने रंग पुसत होती तेव्हा सर आले. त्यांच्या गळ्यात कोणीतरी हार घातला होता. त्यांच्या मागून आलेले लोक दारातून "काय काम केलंत सर!" म्हणत परतले. त्यांनी दार लोटलं.

"तू ते मुद्दाम केलंस."

"हो."

ते स्टुलावर बसले. खूप म्हातारे दिसत होते.

"बाबांना माहीत होतं?" नीलिमाने विचारलं.

"समोरच तर उभा होता तो." सरांनी हार काढून मांडीवर घेतला. "एका शब्दाने कधी बोलला नाही. मला वाटलं, विसरला."

नीलिमाने तोंड पुसलं. तिच्या कापसावर तपकिरी रंग आला होता.

"पण नीलिमा," सर म्हणाले आणि पुढे झुकले, गुडघ्यांवर कोपर टेकवून. त्यांच्या आवाजात जान परत येत होती. "प्रसंग काय उभा राहिला, पाहिलंस? सुई पडली तरी ऐकू आली असती. पुढच्या महिन्यात भिलाईला प्रयोग आहे. आपण हे असंच ठेवू. तुझा 'काहून', माझं ते 'आधी मी हसलो'. मी आज रात्रीच संहितेत घालतो. तुझं न बसता जाणंही. फक्त पडद्याचं काय ते ठरवायला पाहिजे."

नीलिमा त्यांच्याकडे पाहत राहिली. तो माणूस खोटं बोलत नव्हता. मघाशी स्टेजवरही खोटं बोलला नव्हता. तासाभरापूर्वी त्याच्या छातीतून जे उपसून निघालं होतं, त्याची त्याने आताच जागा ठरवली होती: दुसरा अंक, शेवटचा प्रवेश.

"मी येणार नाही भिलाईला," ती म्हणाली.

"असं कसं? अगं, तुझ्याशिवाय प्रवेशच होणार नाही."

"मग नाही होणार."

"राग मी समजू शकतो. पण काम वेगळं, राग वेगळा."

"तुम्हीच शिकवलंत ना, सर? तुम्हाला आज माझ्याकडून काहीतरी हवंय. आणि मला ते द्यायचं नाहीये."

सरांनी हाराची गाठ चाचपली. मग अगदी हळू, जणू शेवटचं नाणं खिशातून काढावं तसं म्हणाले, "धर्मपाल असता तर आला असता."

"हो," नीलिमा म्हणाली. "बाबा आले असते. त्यांना तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी आले असते. म्हणून मी येणार नाही." तिने कापूस टाकला, पर्स उचलली. दाराशी थांबून ती म्हणाली, "आणि तो शब्द संहितेत घालू नका. दुसऱ्या कोणी म्हटला तर लोक हसतील."

ती बाहेर आली तेव्हा गर्दी पांगत होती. हवेत थंडी होती, लोक शाली गुंडाळत स्कूटरी काढत होते. अंजनाबाई हॉलच्या पायऱ्यांवर, कठड्याला धरून तिची वाट पाहत उभी होती. नीलिमा तिच्याजवळ जाऊन पोचते तोच मफलर गुंडाळलेले एक वयस्कर गृहस्थ पायऱ्या चढून परत वर आले. मंडळाचे जुने सभासद. धर्मपालला त्यांनी दर वर्षी पाहिलं होतं, दर वर्षी हात मिळवला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "जातच होतो, पण तुम्हाला भेटल्याशिवाय जाववेना. फार आठवण झाली हो आज आमच्या का…"

ते थांबले. तो शब्द त्यांच्या जिभेवर अर्धा आला होता आणि आता तो पुरा करणं त्यांना जमेना. त्यांनी दुसरं नाव शोधलं. नीलिमाला ते शोधताना दिसत होते, डोळे इकडे तिकडे, ओठ उघडे. इतक्या वर्षांत दुसरं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माफ करा, वहिनी. त्यांचं… नाव काय होतं?"

अंजनाबाईने कठड्यावरचा हात काढला. सरकारी खिडकीपाशी सांगावं तसं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून ती म्हणाली, "धर्मपाल. धर्मपाल रामटेके."

"रामटेके," गृहस्थ म्हणाले. मग पुन्हा, नीट, "धर्मपाल रामटेके."

"हव," अंजनाबाई म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली.